आपापला तुकडा

पांझरेकाठच्या त्या गावात पाट उपसायच्या दिवशी एक नियम मोठा कडक होता. आपल्या वावरासमोर कुणी फावडं मारायचं नाही.

दसरा झाला, नदीचं गढूळ पाणी निवळलं की दिवस ठरायचा. आदल्या रात्री मारुतीच्या पारावर दोन मडकी यायची. एकात खातेदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात पाटाच्या तुकड्यांच्या. उचलायला लहान पोर बसवायचं. नेमका स्वतःच्याच बांधालगतचा तुकडा निघाला तर ती चिठ्ठी परत मडक्यात. मग बंधाऱ्याजवळचा शेतकरी खांद्यावर फावडं टाकून तीन मैलांवरच्या शेवटच्या फडाकडे निघायचा, आणि शेवटच्या फडातला भाकरी बांधून बंधाऱ्याकडे. वाटेत दोघांची गाठ पडायची, तंबाखू मळला जायचा, चिठ्ठी उचलणाऱ्या पोराचा उद्धार व्हायचा आणि दोघे पुढे चालू लागायचे. लग्न होऊन नव्याने आलेल्या सुनांना हा प्रकार वेडगळ वाटे. वरवर पाहिलं तर वेडगळच होता.

फड बागायतीचं नाव खानदेशाबाहेर फारसं कानावर येत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. पांझरा, मोसम, आरम या धुळे-नाशिककडच्या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून ही रीत चालत आलेली. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीला देणारे सांडम. गावची बागायत साधारण चार फडांत विभागलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक: ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू. पुढल्या वर्षी पिकं फड बदलतात. पाणी मिळतं ते फडाला, एकट्यादुकट्याला नाही, तेही पाळीने. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात. पिढ्यान्‌पिढ्या हे सगळं गावानेच चालवलं. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. त्याची कारणं मोठी आहेत आणि या गोष्टीत ती बसायची नाहीत. आपल्या गावातला फड या गोष्टीच्या वेळी तरी चालू होता.

तर अशा गावात बापू परत आला. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, पुण्यात एका ठेकेदाराकडे काही वर्षं काढलेली, घरची जमीन मधल्या फडात पाटाला लागून. मुलगा कामाचा होता. आल्याआल्या त्याने बंधाऱ्याच्या फुटलेल्या कडेला स्वतः उभं राहून सिमेंट करून घेतलं, आणि त्याचे पैसे खिशातून घातले. फडाचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या खोलीत विश्वेश्वरय्यांचा फोटो लावला तोही त्यानेच. फोटोला कारण होतं. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीच्याच काळात त्यांची नेमणूक खानदेशात झाली, आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन टाकायचं काम त्यांच्यावर आलं. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली, ती आमचा फड पाहूनच, असं इकडची माणसं छाती पुढे काढून सांगतात. असेलही. बापूला ती गोष्ट तोंडपाठ होती आणि पाहुण्यांना तो ती पूर्ण ऐकवायचा.

२००५ साली सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा राज्याने केला. गावोगावी पाणी वापर संस्थांची चर्चा सुरू झाली. आपल्या फडाचं कामही नकाशावर, नोंदवहीत, शिस्तीत आलं पाहिजे असं बापूच्या मनाने घेतलं. कमिटीचा अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत त्याने मडक्यांनाच हात घातला.

“अर्धा दिवस नुसता चालण्यात जातो,” तो म्हणाला. “बंधाऱ्यावरचा खाली जातो, खालचा वर येतो. कशासाठी? ज्याने त्याने आपल्या वावरासमोरचा पाट काढावा. ज्यांची जमीन पाटाला लागून नाही, त्यांनी आपली चारी काढावी. बाराच्या आत काम संपेल. आणि स्वतःचंच काम म्हटल्यावर अंगचोरपणा कोण करेल?”

बैठकीत कुणाला यावर बोट ठेवता येईना. सगळ्यांनी आबा पाटकऱ्याकडे पाहिलं. आबांच्या घरात पाटकऱ्याचं काम आज्या-पणज्यापासूनचं.

“नियम आहे,” आबा म्हणाले.

“पण का आहे, आबा?”

“माझ्या बापाने सांगितला.”

“आणि त्यांना?”

“त्यांच्या बापाने.”

बैठक हसली. आबाही हसले, कारण दुसरं काय करणार? बंधाऱ्याजवळचे नाना, ज्यांची पहिल्या फडात सगळ्यात लांब हद्द, ते म्हणाले की बापूचं बरोबर आहे, आता माणसं मिळत नाहीत, वेळेला किंमत आली आहे. ठराव झाला. मडकी देवळाच्या मागच्या खोलीत गेली.

पहिल्या वर्षी काम अकरालाच संपलं. इतकं लवकर की जेवणवाल्यांची तारांबळ उडाली. वरण शिजायचं होतं, वांगी घोटायची होती, बट्ट्या तर विस्तवावर पडल्याही नव्हत्या. माणसं हातपाय धुऊन पाराभोवती बसून राहिली आणि बापूचं कौतुक करत राहिली. पाट असा साफ कधीच झाला नव्हता, यावर सगळ्यांचं एकमत. खरंच झाला नव्हता. चिठ्ठीवर काम करणारा माणूस कडेचं लव्हाळं, हरळी सोडून द्यायचा. आता कडाही तासून निघाल्या होत्या. नानांचा तुकडा तर सारवलेल्या अंगणासारखा दिसत होता. त्यांचे दोन सालदार आदल्या दिवसापासून तिथंच होते.

दुसऱ्या वर्षी बापूने आणखी सोय केली. सगळ्यांनी एकाच दिवशी यायची काय गरज? आठ दिवसांत ज्याने त्याने सवडीने आपला तुकडा काढावा, हवालदार येऊन बघून जाईल. त्यामुळे जेवणही आपोआप बंद पडलं. वर्गणी वाचली. बट्टीची आठवण काही म्हाताऱ्यांनी काढली, पण म्हातारे कशाचीही आठवण काढतात.

आता पाटात काय चाललं होतं ते सांगतो. पाटाच्या तळाला ठरावीक अंतरावर काळे सपाट दगड बसवलेले होते. गाळ काढताना फावडं दगडावर वाजलं की थांबायचं, आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तळ सरळ ओढायचा, इतकंच काम. चिठ्ठीवर आलेला परका माणूस दगड वाजला की आनंदाने थांबायचा. त्याला त्या जागेत दोन बोटं जास्त खणून काय मिळणार होतं? गाळ कडेला टाकायचा आणि घरी जायचं. तो गाळ मागाहून शेजारच्या वावराचा मालक उचलून न्यायचा. पुराने आणलेला गाळ, वावरात एक थर पसरला की दोन हंगाम खत कमी लागतं.

नवीन पद्धतीत खणणारा आणि गाळ नेणारा एकच झाला. दगड वाजला तरी माणूस थांबेना. दगडाच्या अल्याड थोडं, पल्याड थोडं. शिवाय पाटालगत बऱ्याच जणांच्या विहिरी. आपल्यासमोर पाट जरा खोल असला की पाळी संपल्यावरही तिथं पाणी साचून राहतं, जिरतं, विहिरीला लागतं. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. ज्याला त्याला आपापलं कळलं, आणि प्रत्येकाला वाटलं की हे आपल्या एकट्यालाच कळलंय. यात कुणाला पापही वाटलं नाही. उलट आपला तुकडा आपण ठरल्यापेक्षा जास्त निगुतीने काढतोय, हीच भावना. मला या माणसांचा राग येत नाही. त्यांच्यात कामचुकार एकही नव्हता.

आणि काही तुकडे कुणाच्याच वावरासमोर नव्हते. रस्त्याच्या फरशीखालचा, स्मशानालगतचा, देवस्थानच्या पडीक इनामाचा, सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला गेलेल्या दोन भावांचा. मडक्यात या तुकड्यांच्याही चिठ्ठ्या असायच्या. नकाशावर मात्र त्यांच्यापुढे नाव नव्हतं. तिथं गाळ चढत गेला, त्यावर बेशरम माजली.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या फडात गव्हाची पाळी चुकली.

तिथं मोठी माय राहायची. नवरा गेल्यापासून दोन एकर एकटीने सांभाळणारी, गावाची मोठी माय. ती सकाळी पाटावर आली, कोरड्या तळाकडे पाहिलं आणि सरळ चालत आबांच्या घरी गेली.

“पानी उनं नही, भो.”

आबा म्हणाले, काल संध्याकाळीच सोडलंय, ठरल्याएवढं सोडलंय.

“मंग गयं कोठे?”

आबांना सांगता येईना. त्यांनी बंधाऱ्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. दार पूर्ण उघडं, पाणी धो धो जातंय. पाटाने खाली चालत आले. चाऱ्यांची तोंडं बंद, एकही फोडलेली नाही. पाणी मात्र उतरत उतरत मधल्या फडापर्यंत येता येता गुडघ्याचं घोट्यावर आलेलं.

मग गावात तेच झालं जे अशा वेळी होतं. खालचे म्हणाले, वरचे रात्री पाणी चोरतात. वरचे म्हणाले, या, बघा, आमचा तुकडा बघा, एक काडी दाखवा. हवालदाराला बॅटरी देऊन रात्रीच्या फेऱ्या लावल्या. पंधरा रात्री फिरून त्याला सर्दी झाली, चोर सापडला नाही. सापडणार कसा, चोरी कुणी करतच नव्हतं. एका लग्नात वरच्या फडाचे आणि खालच्या फडाचे वेगळ्या पंगतीला बसले. तालुक्याला अर्ज गेला. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “पाट कुणाचा?” आणि अर्ज ठेवून घेतला.

बापू रात्र रात्र नकाशा घेऊन बसायचा. त्याच्या हिशेबात चूक नव्हती: पाट तेवढाच, पाणी तेवढंच, सफाई आधीपेक्षा चांगली. उरला एकच उपाय. वर्गणी काढून त्याने जेसीबी आणला. मशीन तासावर, ड्रायव्हर बाहेरगावचा. दीड दिवसात त्याने पाट असा खणला की रस्त्यावरून जाणारे मोटारसायकली थांबवून मोबाइलवर फोटो काढायला लागले. फरशीखाली मशीनचा हात पोचत नव्हता, ते तसंच राहिलं. स्मशानाजवळ जायला ड्रायव्हरने नकार दिला. तळातले चारपाच काळे दगड उपसून कडेला पडले. त्यातला एक चांगला घडीव होता. बापूच्या सालदाराने तो ट्रॅक्टरवर घालून घरी नेला आणि मोरीत बसवला. बापूच्या बायकोला धुण्यासाठी असाच दगड हवा होता.

त्या साली शेवटच्या फडात पाणी पोचलंच नाही.

आबा पाटकरी तेव्हा सत्तरीच्या पुढचे. कमिटीच्या बैठकीत ते क्वचितच बोलायचे. त्या दिवशी उठून म्हणाले, “आपण इतके दिवस एकमेकांना विचारतोय. एकदा पाण्याला विचारू.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्या चाऱ्यांची तोंडं बंद करायची. बंधाऱ्याचं दार फक्त चार बोटं उचलायचं. धारेएवढं पाणी कोरड्या पाटात सोडायचं, शेवटच्या फडातल्यांनी टोकाला थांबायचं आणि बाकी सगळ्या खातेदारांनी पाण्याच्या तोंडाबरोबर चालायचं. कुणी पुढे पळायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. बापूला ही कल्पना पटली. निदान मोजता येण्यासारखं काही होतं.

सकाळी सातला दार उचललं. पाण्याचं तोंड तुम्ही कधी पाहिलंय का? कोरड्या पाटात शिरलेलं पाणी चपट्या जिभेने पुढे सरकतं. त्याच्या टोकाला लिंबाची वाळकी पानं, फेस, बुडता बुडता काडीवर चढलेल्या मुंग्या, गुटख्याची फाटकी पुडी, असं सगळं जमत जातं आणि पाणी ते ढकलत नेतं. शेसव्वाशे माणसं दोन्ही काठांनी त्या कचऱ्याबरोबर चालत होती. लहान मुलाच्या चालीने. आबा पाटात उतरून, धोतर खोचून, काखेत बाभळीच्या खुंट्यांची मोळी घेऊन.

नानांच्या हद्दीत पाणी शिरलं आणि थांबलं.

थांबलं म्हणजे पसरलं. पुढे जाईना, नुसतं चढायला लागलं. पानं गोल फिरू लागली. आबांनी खड्डा सुरू होतो तिथं एक खुंटी ठोकली, चिंधी बांधली. मग बसून राहिले. माणसंही बसली. बिड्या निघाल्या. बऱ्याच वेळाने पाणी पलीकडच्या काठाला टेकलं आणि एका बाजूने वाट काढून पुढे निघालं. आबांनी तिथं दुसरी खुंटी ठोकली.

“माझा तुकडा गावात सगळ्यात स्वच्छ आहे,” नाना म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“हो ना नाना,” हवालदार म्हणाला, “म्हणून तर पाण्याला इथून उठावंसं वाटत नाही.”

सगळे हसले. नानांच्या शेजारचा सर्वांत मोठ्याने हसला, आणि पुढच्या वीस पावलांवर त्याच्या हद्दीत पाणी थांबलं. तो हसायचा बंद झाला. मग पुढच्याची पाळी. दुपारपर्यंत असंच चाललं: आधीच्याला हसायचं, आपली हद्द आली की दुसरीकडे बघायचं, पुढच्याची आली की पुन्हा हसायचं. आबा कुणाचं नाव घेत नव्हते. खुंटी, चिंधी, बसणं. त्यांच्या तोंडातून दिवसभरात दहा वाक्यंही निघाली नसतील. फरशीजवळ उलटा प्रकार. तिथं गाळाचा उंबराच झालेला. पाणी त्याला टेकून मागे फुगत राहिलं आणि पार वरच्या खड्ड्यात परत गेलं.

बापूची हद्द तीनच्या सुमारास आली. जिथला दगड उपटला होता तिथं कमरेएवढा खळगा होता आणि जेसीबीने तो दोन्ही बाजूंना लांबवलेला. पाणी त्यात उतरलं ते उतरतच राहिलं. बापू काठावर उकिडवा बसला होता. त्याने खिशातून डायरी काढली. लांबी, रुंदी, खोली. मागच्या खुंट्यांकडे परत चालत गेला, प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून काहीतरी लिहीत बंधाऱ्यापर्यंत पोचला आणि दोनेक तासांनी परत आला, तरी त्याचा खळगा भरलेला नव्हता.

“आबा,” तो म्हणाला, “सगळे खड्डे मिळून शेवटच्या फडाची एक अख्खी पाळी होते. दर पाळीला आपण आधी खड्डे भरतो. मग ते जिरतं. पुढच्या पाळीला पुन्हा तेच.”

आबांनी मान हलवली.

“तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?”

“नव्हतं,” आबा म्हणाले. “नियम माहीत होता. हे आजच बघतोय.”

दिवस कलायला आला तेव्हा खालून माणसं येताना दिसली. शेवटच्या फडातले लोक सकाळपासून नारळ घेऊन आपल्या टोकाला पाण्याची वाट पाहत होते. कंटाळून कोरड्या पाटातून वर चालत निघाले, ते पाणी सापडेपर्यंत चालत राहिले. मोठी माय सगळ्यांच्या पुढे. तिने साचलेलं पाणी पाहिलं, मागे दूरवर चिंध्या बांधलेल्या खुंट्यांची रांग पाहिली, काठावर माना खाली घालून बसलेले खातेदार पाहिले. इतके दिवस तिने ज्यांना चोर म्हटलं होतं ते सगळे तिथं होते. ती काही बोलली नाही. नारळ तिथंच दगडावर फोडून तिने खोबऱ्याचा पहिला तुकडा नानांच्या हातावर ठेवला. नानांना तो घ्यावा की नाही ते कळेना.

पुढचं काम किचकट होतं आणि त्यात गोष्टीसारखं काही नाही. खड्डे भरायला मुरूम आणला, वर चिकणमाती चोपली. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी लावून बापूने तळाचे दगड पुन्हा बसवून घेतले, आणि प्रत्येक दगड बसल्यावर आबा धारेएवढं पाणी सोडून ते अडतंय का पाहायचे. दोन ठिकाणी नळी आणि पाणी यांचं जमेना. दोन्ही वेळा नळीत बुडबुडा निघाला. बापूच्या मोरीतला दगडही परत गेला. “मग मी धुणं कशावर धुऊ?” या त्याच्या बायकोच्या प्रश्नावर कमिटीत चर्चा झाली नाही, तो प्रश्न बापूने घरच्या घरी, नवी फरशी आणून सोडवला. सुरतेच्या भावांना फोन गेला. त्यांनी पैसे पाठवतो म्हणून सांगितलं. कमिटीने कळवलं की पैसे नकोत, दिवाळीला येताच तसे दोन दिवस आधी या.

पैशांवरून बैठकीत बरीच वादावादी झाली. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्याकडून मजुरी घ्यावी आणि माणूस लावावा, असं नानांचं म्हणणं. आबांना यावर काय वाटतं ते विचारलं. आबा म्हणाले, चालेल, पण मग पाण्याबरोबर चालायच्या दिवशी तो मजूर कुणाच्या हद्दीला हसणार? याचा अर्थ अर्ध्या बैठकीला लागला, अर्ध्या बैठकीला लागला नाही, आणि मजुरीचा मुद्दा मागे पडला.

मडकी देवळामागच्या खोलीतून बाहेर आली. एकाला तडा गेला होता, ते बदललं. बापूने कमिटीच्या वहीत जुना नियम पुन्हा लिहून काढला आणि त्याच्यासमोर, समासात, नियमाचं कारण लिहिलं. खड्ड्यांचं मापही लिहिलं, नावं न घालता. आबांनी सही करण्यापूर्वी ते कारण दोनदा वाचून घेतलं. त्यांना स्वतःला ते आता पहिल्यांदा लिहिलेलं मिळत होतं. शिवाय वर्षातून एकदा, पाट उपसून झाल्यावर, धारेएवढं पाणी सोडून सगळ्यांनी त्याच्याबरोबर टोकापर्यंत चालायचं, असं ठरलं. जेवण त्यानंतर, टोकाला, शेवटच्या फडात. बट्ट्या किती करायच्या यावर मात्र अजून दरवर्षी भांडण होतं.

पुढल्या वर्षी चिठ्ठ्या पडल्या. नानांना स्मशानालगतचा तुकडा आला. त्यांनी तो बदलून मागितला आणि पोराने जीभ दाखवली. बापूची चिठ्ठी निघाली ती शेवटच्या फडाची, मोठ्या मायच्या बांधाला लागून. सकाळी तो फावडं खांद्यावर टाकून निघाला, वाटेत वर येणाऱ्या दोघातिघांशी थांबून बोलला आणि ऊन चढेपर्यंत तिथं पोचला. मोठी माय काठावर कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन बसलेलीच होती. भाकर मात्र तिने फडक्यात झाकून ठेवली होती.

दुपारी बापूने फावडं टेकवलं. ती पाटात उतरली, तळावर वाकली आणि कडेच्या जुन्या खुणेपासून बोटं मोजली.

“दोन बोट कमी शे, बापू.”

“माय, दगड लागना. वाजला ना आत्ता.”

तिने पायाने माती सरकवली, वाकून बघितलं आणि परत काठावर जाऊन बसली.

“ती ईट शे. दगड आखो खाले शे. खन.”